टायर फुटणे हे दैव नव्हे

‘टायर फुटल्याने चालकाचा वाहनावरील ताबा सुटला’ हे वाक्य मराठी वृत्तपत्राच्या वाचकाला आता पाठ झाले आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत तर ते कोठल्या ना कोठल्या पानावर हटकून भेटते. पुढे मृतांची संख्या, जखमींना कोणत्या रुग्णालयात हलविले त्याचा तपशील आणि वाहतूक किती तास खोळंबली याची नोंद असते. या वाक्यातला कर्ता टायर आहे. माणूस त्यात कोठेच नाही. वीज पडावी किंवा नदीला पूर यावा तसा टायर फुटला, अशी आपली समजूत होते आणि क्षणभर हळहळून आपण पान उलटतो.

ही समजूत मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ च्या प्रारंभी एका निकालात स्पष्टपणे नाकारली. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा टायर फुटला, मोटार खोल खड्ड्यात गेली आणि आतील एक प्रवासी मरण पावला. पुण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने त्याच्या कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. टायर फुटणे ही दैवी घटना आहे, तीत कोणाचा निष्काळजीपणा नाही, असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. अतिवेग, कमी हवा, जादा हवा, सेकंडहँड टायर, तापमान ही टायर फुटण्याची कारणे आहेत आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची स्थिती पाहणे हे चालकाचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

या यादीतील तापमान सोडले तर प्रत्येक कारणाच्या मागे कोणाचा तरी निर्णय उभा आहे. त्यांपैकी ‘सेकंडहँड टायर’ हे कारण अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष विचार करावयास लावणारे आहे. झिजलेला टायर उतरवून त्या जागी दुसरा कोणता चढवायचा, हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजमधला आहे. वस्तुतः त्यात किंमत, उधारी, माहिती, मक्तेदारी आणि परक्याच्या जिवाची जोखीम इतके सारे विषय एकत्र आले आहेत. वर्गात हे विषय आम्ही पाच निरनिराळ्या प्रकरणांत शिकवितो. सोलापूरच्या रस्त्यावर ते एकाच चाकात सापडतात.

चाकांवरचे शहर

सोलापूर हे रस्त्यांच्या चौफुलीवरचे शहर आहे. पुणे-हैदराबाद हा जुना नऊ क्रमांकाचा, आता पासष्ट क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. धुळ्याकडून येऊन विजापूरकडे जाणारा, आता बावन्न क्रमांकाचा महामार्ग त्याला येथेच मिळतो. चादरी आणि टॉवेल, मार्केट यार्डातला कांदा, सांगोला-मंगळवेढ्याकडचे डाळिंब, कारखान्यांची साखर हा सारा माल चाकांवर बाहेर पडतो. हंगाम सुरू झाला की उसाच्या मालमोटारी, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि मोटारींचे उतरविलेले टायर लावलेल्या बैलगाड्या एकाच रस्त्यावर चालू लागतात.

या वाहतुकीचा मोठा भाग बड्या कंपन्यांच्या हातात नाही. एक किंवा दोन मालमोटारी असलेले लहान मालक तो चालवितात. कोणी शेती विकून, कोणी निवृत्तीचे पैसे घालून, तर कोणी चालक म्हणून दहा वर्षे घासल्यावर कर्जाने गाडी घेतलेली असते. त्यांची मुले आमच्या महाविद्यालयात शिकतात. डिझेल, बँकेचा हप्ता, पथकर आणि विमा यांचे आकडे या मालकाला आधी ठाऊक असतात. टायरचा खर्च मात्र न कळविता येतो आणि आला की एकदम येतो.

टायर बदलण्याची वेळ आली की त्याच्यापुढे चार वाटा असतात. पहिली, नामांकित कंपनीचा नवा रेडियल टायर. दुसरी, त्याहून स्वस्त असा नवा नायलॉन टायर. तिसरी, आपल्याच जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवे रबर चढवून घेणे, म्हणजे रिट्रेडिंग. आपल्याकडे त्याला सरसकट ‘रिमोल्ड’ म्हणतात. चौथी वाट म्हणजे दुसऱ्या कोणाच्या गाडीवरून उतरलेला, अजून थोडी नक्षी शिल्लक असलेला जुना टायर. गेल्या दोन दशकांत रेडियलचा प्रसार वेगाने झाला. अवजड वाहनांच्या अर्ध्याहून अधिक टायरांत आता तोच असतो. तो कमी तापतो, अधिक चालतो आणि डिझेल वाचवितो. तरीही उरलेल्या तिन्ही वाटांवर गर्दी आहे, आणि ती का आहे हाच या लेखाचा विषय आहे.

फळ्यावरचे गणित

प्रथम साधा हिशेब मांडू. यातील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, एक चांगला रेडियल टायर २०,००० रुपयांना मिळतो आणि ८०,००० किलोमीटर चालतो. त्याचा सांगाडा मजबूत असल्याने तो दोनदा रिट्रेड होतो. प्रत्येक वेळी ६,००० रुपये खर्च येतो आणि प्रत्येक वेळी तो ५०,००० किलोमीटर चालतो. एकूण खर्च ३२,००० रुपये आणि एकूण धाव १,८०,००० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला सुमारे १८ पैसे. आता १३,००० रुपयांचा एक हलका टायर घ्या. तो ४५,००० किलोमीटर चालतो, पण सांगाडा रिट्रेडच्या लायकीचा उरत नाही. त्याचा खर्च किलोमीटरला सुमारे २९ पैसे पडतो. ७,००० रुपयांचा सेकंडहँड टायर १५,००० किलोमीटर चालला, तर खर्च सुमारे ४७ पैशांवर जातो. दहा चाकांची गाडी वर्षाला ६०,००० किलोमीटर धावत असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या निवडीतील फरक वर्षाकाठी सहासष्ट-सदुसष्ट हजार रुपयांचा होतो. दुकानात जो टायर सर्वांत स्वस्त, तो रस्त्यावर सर्वांत महाग ठरतो.

हे उदाहरण मी एकदा वर्गात फळ्यावर सोडविले. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी, ज्याच्या वडिलांची एकच दहाचाकी गाडी आहे, उठून म्हणाला, “सर, गणित बरोबर आहे. पण टायर फुटतो तेव्हा वडील झहीराबादजवळ असतात आणि खिशात परतीच्या डिझेलपुरतेच पैसे असतात. तिथं जो मिळेल तो टायर.”

त्या मुलाचे उत्तर माझ्या गणितापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध होते. लहान मालक अडाणी आहे म्हणून तो स्वस्त टायर घेतो, असे मानणे ही सुशिक्षितांची सोयीची समजूत आहे. त्याला किलोमीटरचा हिशेब आपल्यापेक्षा चांगला येतो. त्याच्याजवळ नसते ते खेळते भांडवल. माल पोहोचविल्यानंतर भाड्याची उरलेली रक्कम हाती पडावयास आठवडे लागतात. डिझेल मात्र रोखीने भरावे लागते. बँक गाडीसाठी कर्ज देते, टायरसाठी देत नाही. मग ओळखीचा दुकानदार उधारीवर जो टायर देईल तो घ्यावा लागतो. येथे निवड टायरची होत नाही, उधारीची होते.

याच गणितात व्याजही धरून पाहू. हलक्या आणि चांगल्या टायरमधला ७,००० रुपयांचा फरक मालकाने शेकडा तीन रुपये दरमहा अशा सावकारी दराने उचलला, असे समजा. गाडी महिन्याला ५,००० किलोमीटर धावते. हलका टायर नऊ महिन्यांत संपतो. तेवढ्या काळाचे व्याज १,८९० रुपये होते. नवव्या महिन्यात हलक्या टायरच्या मालकाला पुन्हा १३,००० रुपये काढावे लागतात. चांगला टायर मात्र आणखी सात महिने चालावयाचा असतो आणि त्यानंतरही त्याचा सांगाडा रिट्रेडसाठी शिल्लक राहतो. म्हणजे इतक्या जाचक व्याजानेही कर्ज काढून चांगला टायर घेणे परवडते. यावरून एवढेच सिद्ध होते की अडचण व्याजाच्या दराची नाही. गरजेच्या दिवशी, गरजेच्या ठिकाणी, थोड्या मुदतीचे कर्ज मुळी उपलब्धच नसते.

टायरवर काय लिहिले आहे?

पैसे असले तरी सुज्ञपणे निवड करण्यासाठी माहिती लागते. वस्तुतः टायर ही अतिशय बोलकी वस्तू आहे. तिच्या बाजूवर बरेच काही कोरलेले असते. वाचणारे मात्र थोडे. शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीच्या खाचांत झीज दाखविणाऱ्या खुणा असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारींच्या टायरवरील खाच १.६ मिलिमीटरहून कमी खोल झाली की तो टायर रस्त्यावर चालविता येत नाही.

याहून महत्त्वाचा आकडा भारक्षमतेचा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरील भाराची मर्यादा वाढविली. चार टायर असलेल्या एका ॲक्सलवर पूर्वी सुमारे १०.२ टन भार चालत असे. ती मर्यादा साडेअकरा टन झाली. वाहतूकदारांनी तिचे स्वागत केले. आता १०.०० आर २० या प्रचलित मापाचा टायर पाहा. त्यावर ‘१४६/१४३’ असे लिहिले असेल, तर जोडीने लावलेल्या प्रत्येक टायरची क्षमता २,७२५ किलो असते. चार टायरांची मिळून होते १०,९०० किलो, म्हणजे नव्या कायदेशीर मर्यादेहून ६०० किलो कमी. त्याच मापाचा ‘१४९/१४६’ असे लिहिलेला टायर घेतला, तर चौघांची क्षमता १२,००० किलो होते. दोन्ही टायर एकाच मापाचे, दोन्ही दुकानात शेजारी शेजारी. मालक केवळ माप सांगून टायर मागतो आणि किंमत पाहून उचलतो. कायद्याने जेवढा भार भरण्याची मुभा दिली, तेवढाही पेलण्याची ताकद आपल्या चाकांत नाही, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. मर्यादेबाहेरचा माल भरणाऱ्यांची गोष्ट तर वेगळीच.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि डांबर त्याहून कितीतरी अधिक तापते. हवा कमी असलेला किंवा कुवतीबाहेर लादलेला टायर धावताना सतत दबतो, दुमडतो आणि आतून तापत राहतो. रबर आणि आतील थर यांची पकड हळूहळू सुटू लागते. शेवटचा स्फोट क्षणात होतो. त्याची तयारी मात्र कित्येक दिवस चाललेली असते. जोडीतला एक टायर नवा आणि दुसरा झिजलेला असेल, तर मोठ्या घेराच्या नव्या टायरवरच अधिक भार पडतो आणि तोही लवकर खचतो. एकाच ॲक्सलवर रेडियल आणि नायलॉन एकत्र लावणेही धोक्याचेच. ही माहिती गुप्त नाही. ती मालकापर्यंत मराठीत, विकत घेण्याच्या क्षणी पोहोचत नाही, एवढेच.

रिट्रेडबद्दल आपल्या मनात एक सरसकट अढी आहे. तीही तपासून पाहिली पाहिजे. विमानांचे टायरसुद्धा रिट्रेड केले जातात. आपल्या एसटी महामंडळाचे स्वतःचे रिट्रेडिंगचे कारखाने आहेत. चांगला सांगाडा वेळीच उतरविला, नीट तपासला आणि योग्य प्रक्रियेने त्यावर रबर चढविले, तर तो टायर मागच्या चाकांवर भरवशाचे काम देतो. पुढची, वळणारी चाके निराळी. अमेरिकेत बसगाड्यांच्या पुढच्या चाकांना रिट्रेड टायर लावण्यास नियमानेच मनाई आहे. खरी मेख ‘वेळीच उतरविला’ या दोन शब्दांत आहे. रिट्रेडसाठी टायर पूर्ण झिजण्याआधी काढावा लागतो. ज्याच्या हाती पैसा नाही, तो धागे दिसेपर्यंत टायर चालवितो आणि मग रिट्रेड करण्याजोगे काही उरतच नाही. काटकसरीची ही सोयदेखील थोडीफार ऐपत असलेल्यालाच परवडते.

सेकंडहँड टायरचा बाजार तर याहून अवघड. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला. विकणाऱ्याला वस्तूतला दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. अशा बाजारात घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो, मग चांगली वस्तू असलेले विक्रेते बाजारातून निघून जातात आणि वाईट वस्तू तेवढ्या उरतात. या विवेचनासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जुना टायर हे या सिद्धांताचे चालतेबोलते उदाहरण होय. त्याच्या पोटात किती उन्हाळे, किती खड्डे आणि किती जादा टन आहेत, हे बाहेरून कोणाला दिसत नाही. वरची नक्षी मात्र रापीने खोल कोरून ताजी दाखविता येते.

बाजार कोणाच्या बाजूचा?

लहान मालकाने चांगला नवा टायर घ्यावा, असे सांगताना बाजाराने त्याला कसे वागविले हेही पाहणे प्राप्त आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने पाच प्रमुख टायर कंपन्यांना मिळून १,७८८ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. बदलीच्या टायरांच्या बाजारात, म्हणजे नेमक्या आपल्या मालकाच्या बाजारात, २०११-१२ च्या सुमारास कंपन्यांनी आपल्या संघटनेमार्फत किमतीविषयीची संवेदनशील माहिती एकमेकांना देऊन दर संगनमताने वाढविले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. आदेश ऑगस्ट २०१८ मधला; न्यायालयीन प्रक्रियेमुळे तो जाहीर झाला फेब्रुवारी २०२२ मध्ये. कंपन्यांनी आरोप नाकारले आणि डिसेंबर २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठविले. तेव्हा कोणाला दोषी ठरविण्याची घाई करू नये. पण ज्या काळातील व्यवहाराविषयी हा वाद आहे, त्या काळात टायर घेणाऱ्या मालकाच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, हेही विसरू नये.

दुसरी बाजू आयातीची. मधल्या काळात स्वस्त चिनी रेडियल टायर आपल्या बाजारात मोठ्या प्रमाणावर आले. देशी उद्योगाच्या तक्रारीवरून सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांवर मूल्यावपातविरोधी शुल्क बसले, २०१९ मध्ये आणखी एका शुल्काची भर पडली आणि जून २०२० मध्ये नव्या टायरांची आयातच परवान्याच्या चौकटीत आणली गेली. देशी कारखाने आणि त्यांतील रोजगार टिकले पाहिजेत, याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच की, संरक्षणाची किंमत कोणी मोजली? ती मोजणाऱ्यांत झहीराबादजवळ रस्त्याकडेला उभा असलेला आपला मालकही होता. त्याची संघटना दिल्लीत पोहोचण्याइतकी मोठी नसते. टायरवरील वस्तू व सेवा कर अनेक वर्षे २८ टक्के होता, म्हणजे चैनीच्या वस्तूंच्या पंक्तीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. उशिरा का होईना, पण झाली.

जोखीम कोणाची?

येथपर्यंतचा विचार मालकाच्या बाजूने केला. पण टायर ही केवळ मालकाची खासगी वस्तू नाही. टायर निवडतो मालक. त्यावर बसून दौलताबादची उतरण असो की बालाघाटचा घाट असो, उतरतो तो चालक. टायर फुटला तर समोरून येणारी दुचाकी, वारीची जीप किंवा एसटी यांतील माणसांचा त्या निवडीशी काडीचाही संबंध नसतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. निर्णय एकाचा, लाभ एकाचा आणि हानी तिसऱ्याची. अशा ठिकाणी बाजारावर विसंबून चालत नाही, हे आम्ही पदवीच्या पहिल्या वर्षीच शिकवितो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली किती टायरपायी, याची चर्चा बाजूला ठेवू. पण ज्या देशात रस्त्यावर इतके मरण आहे, तेथे चाकांची निवड ही खासगी बाब मानता येणार नाही.

आपला कायदा मात्र सारा रोख चालकावर ठेवतो. अपघात घडवून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवावे लागले. त्या सबंध वादात चालकाने किती वर्षे तुरुंगात जावे यावर पुष्कळ बोलले गेले. त्याच्या गाडीला कोणता टायर होता आणि तो कोणी निवडला, हे कोणी विचारल्याचे आठवत नाही. टायर गुळगुळीत झाला आहे, असे सांगणाऱ्या चालकाला दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी शोधावी लागते. म्हणून तो सहसा सांगत नाही.

काय करता येईल?

यावर कडक तपासणी हा उपाय लगेच सुचतो. तो आवश्यकच आहे, पण पुरेसा नाही. गाडी ‘पासिंग’ला नेताना चांगले टायर उसने आणून चढवायचे आणि प्रमाणपत्र मिळताच उतरवून परत करायचे, हा प्रकार वाहतूक धंद्यात नवा नाही. ज्याच्याजवळ टायरला पैसे नाहीत, त्याच्यावर नुसता दंड बसविला तर तो दंडाची सोय लावतो, टायरची नव्हे. म्हणून तपासणीच्या जोडीला निवडीच्या अटीच बदलल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट कर्जाची. सोलापूर जिल्ह्याला सहकाराची परंपरा आहे. सहकारी बँका आणि पतसंस्था सोन्यावर, सणावर, लग्नावर कर्जे देतात. सहा ते नऊ महिन्यांच्या मुदतीचे, थेट दुकानदाराच्या नावे दिले जाणारे आणि भारक्षमता लिहिलेल्या बिलावरच मिळणारे टायर-कर्ज त्यांनी सुरू करावे. वरील हिशेब पाहता हे कर्ज स्वतःची परतफेड स्वतः करणारे आहे.

दुसरी गोष्ट साखर कारखान्यांची. हंगामापूर्वी ऊसवाहतुकीच्या ठेकेदारांना कारखाने उचल देतातच. त्या उचलीतील काही भाग टायरसाठी राखावा आणि मोळी टाकण्यापूर्वी गव्हाणीच्या आवारातच प्रत्येक वाहनाचे, ट्रॉल्यांसह, टायर तपासावेत. ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा होतात, त्या स्तुत्यच आहेत. पण पट्टी अंधारात दिसते, चाक सांभाळत नाही.

तिसरी गोष्ट माहितीची. टायरच्या बिलावर निर्मितीचा आठवडा, भारक्षमता आणि टायरचा अनुक्रमांक मराठीत लिहून देणे बंधनकारक असावे. रिट्रेड करणाऱ्याने कितव्या वेळी आणि कोणत्या तारखेला रबर चढविले, ते टायरवरच उमटवावे. विजेच्या उपकरणांवरील ताऱ्यांप्रमाणे टायरांसाठीही ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने ऐच्छिक तारांकन आणले आहे. ऐच्छिकाकडून ते सक्तीकडे जावे. आणि ज्या अपघातात टायर फुटल्याचे सांगितले जाते, त्याच्या पंचनाम्यात टायरचे वय, खाचेची खोली आणि भारक्षमता नोंदविली जावी. मग वृत्तपत्रातले ते पाठ झालेले वाक्यही बदलेल.

शेवटी आपल्याविषयी. आपण शिक्षक, कारकून, विद्यार्थी. मालमोटारीशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्यापैकी अनेकांच्या दारात आता मोटार आहे, काहींच्या दारात ऐटबाज एसयूव्हीही आहे. ती महिन्यातून दोनदा तुळजापूर-अक्कलकोटला आणि सुटीत पुण्याला जाते. फारशी न चालल्याने तिच्या टायरवरची नक्षी शाबूत दिसते. पण रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते, विशेषतः आपल्या उन्हात. उद्या सकाळी वाकून ते चार आकडे वाचावेत. सात-आठ वर्षांपूर्वीचे साल निघाले तर मालमोटारीच्या मालकाला उपदेश करण्याआधी आपणच दुकानाची वाट धरावी. त्या मालकाजवळ निदान पैसे नसल्याचे कारण आहे. आपल्याजवळ तेही नाही.